खिडकी आणि कोठडी : ब्राझीलची संघीय पोलीस कचेरी



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडील जुनी म्हण आहे. पोलीस कचेरीच्या पायरीचा तींत उल्लेख नसला, तरी ऐकणारा तो मनांतल्या मनांत करून घेतोच. पोलिसांशीं संबंध यावयाचा तो कांहीं तरी बिघडल्यावरच, ही आपली पिढीजाद समजूत. परंतु जगाच्या पाठीवर असा एक विशाल देश आहे, कीं जेथें नातीच्या लग्नासाठीं परदेशीं निघालेली आजी, शिकावयास निघालेला विद्यार्थी आणि व्यापारास निघालेला पेढीवाला या सर्वांना प्रवासाची पहिली पायरी म्हणून पोलीस कचेरीचीच पायरी चढावी लागते. तेथें त्यांना कोणी दरडावीत नाहीं. छायाचित्र घेतात, दहाही बोटांचे ठसे उमटवून घेतात, आणि कांहीं दिवसांनीं निळ्या वेष्टनाचें पारपत्र हातीं देतात. तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील, आणि ती कचेरी म्हणजे तेथील संघीय पोलीस खात्याची विभागीय कचेरी. आज तिची ओळख करून द्यावयाची आहे.

ब्राझील हें २६ घटक राज्यें आणि राजधानीचा एक प्रदेश मिळून झालेलें संघराज्य आहे. त्याचा विस्तार सुमारें ८५ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या अडीचपटींहून अधिक. आणि जमिनीवरील सरहद्द जवळजवळ १७ हजार किलोमीटर असून तिला लागून दहा निरनिराळे मुलूख आहेत. एवढ्या मोठ्या देशांत रोजची शांतता राखण्याचें काम घटक राज्यांकडे आहे. रस्त्यावर पहारा करणारें लष्करी पोलीस दल आणि गुन्ह्यांचा तपास करणारें मुलकी पोलीस दल, हीं दोन्ही राज्य सरकारांच्या हाताखालीं असतात. घरफोडी झाली, मारामारी झाली, तर नागरिकानें त्यांच्याकडेच गेलें पाहिजे. संघीय पोलिसांचें क्षेत्र याहून निराळें. १९८८ च्या राज्यघटनेच्या १४४ व्या कलमानें तें आंखून दिलें आहे. मध्यवर्ती सरकारच्या मालमत्तेविरुद्ध, सेवांविरुद्ध वा हितसंबंधांविरुद्ध घडलेले गुन्हे. मादक द्रव्यांचा व्यापार आणि चोरटी आयात. समुद्र, विमानतळ आणि सरहद्द यांवरील पोलिसांचें काम. आणि संघीय न्यायालयांपुढें जाणाऱ्या गुन्ह्यांचा तपास, हीं त्याचीं चार मुख्य अंगें होत.

या खात्याचा उगम २८ मार्च १९४४ च्या एका हुकुमनाम्यांत आहे. त्या वेळीं राजधानी रिओ दि जानेरो येथें होती. पुढें १९६० सालीं ती ब्राझिलियास गेली, आणि तिच्या पाठोपाठ खात्याचें मुख्य ठाणेंही गेलें. आज हें खातें न्यायमंत्रालयाच्या अखत्यारांत असून प्रत्येक राज्याला एक आणि राजधानीच्या प्रदेशाला एक अशा त्याच्या २७ विभागीय कचेऱ्या आहेत. प्रत्येकीवर एक अधीक्षक असतो, आणि त्याच्या हाताखालीं मोठ्या शहरांतून, बंदरांतून व सरहद्दीवरील गांवांतून उपकचेऱ्या असतात.

उदाहरणादाखल दक्षिणेकडील पराना राज्याची कचेरी घेऊं. तिचें ठाणें कुरितिबा शहराच्या सांता कांदिदा नांवाच्या वस्तींत आहे. या राज्याचें भौगोलिक स्थान असें, कीं संघीय पोलिसांच्या वांट्यास येणारें बहुतेक सर्व प्रकारचें काम येथें एकाच कचेरीच्या पदरीं पडतें. पूर्वेस पारानाग्वाचें मोठें बंदर. तेथून धान्याचीं जहाजें जगभर जातात आणि त्यांच्या आडून मादक द्रव्यें पाठविणारेही टपलेले असतात. पश्चिमेस फोस दो इग्वासू हें गांव. येथें ब्राझील, पाराग्वाय आणि आर्जेंटिना या तिन्ही देशांच्या सीमा एकत्र येतात, आणि १९६५ सालीं खुल्या झालेल्या मैत्री-पुलावरून पाराग्वायशीं अखंड ये-जा चालू असते. त्याच्या उत्तरेस इताइपू धरणाचा विस्तीर्ण जलाशय. त्याच्या कांठानें रात्रीच्या वेळीं होड्यांतून सिगारेटी इकडे उतरविण्याचा चोरटा धंदा जुनाच आहे. बंदर, पूल आणि जलाशय या तिहींवर नजर ठेवणारीं माणसें जिच्या हाताखालीं आहेत, तीच कचेरी पारपत्रेंही देते.

आतां या कचेरीच्या खिडक्यांपाशीं जाऊं. पहिली खिडकी पारपत्राची. अर्जदारानें आधीं अर्ज भरून शुल्क द्यावयाचें, दिवस व वेळ ठरवून घ्यावयाची आणि मग स्वतः हजर व्हावयाचें. सोबत ओळखीचे कागद तर हवेतच. शिवाय मतदानाच्या बाबतींत आपण निर्दोष आहोंत, हेंही दाखवावें लागतें. कारण ब्राझीलमध्यें १८ ते ७० या वयांत साक्षर नागरिकाला मतदान सक्तीचें आहे, आणि कारण न देतां तें चुकविणाराची पारपत्राची वाट अडते. तरुण पुरुषांस लष्करी सेवेचा प्रश्न मिटल्याचा दाखला लागतो. अज्ञान मुलांस आईबाप दोघांचीही संमति लागते. कागद पटले म्हणजे प्रकरण रिओच्या टांकसाळीकडे जातें, कारण पारपत्राची पुस्तिका तेथेंच छापली जाते. आणि तयार झालेली पुस्तिका घ्यावयास अर्जदारानें पुन्हां जातीनें यावें लागतें. २०१५ पासून प्रौढांस दहा वर्षांच्या मुदतीचें पारपत्र मिळूं लागलें.

दुसरी खिडकी परदेशांतून राहावयास आलेल्या माणसांची. दीर्घ मुदतीच्या परवान्यानें आलेल्या प्रत्येकानें ९० दिवसांच्या आंत येथें नोंद करून ओळखपत्र घ्यावयाचें असतें. जीव मुठींत धरून आलेल्या निर्वासितालाही आपली कैफियत याच खात्यापुढें मांडावी लागते. निर्णय मात्र पोलीस देत नाहींत, १९९७ च्या कायद्यानें नेमलेली एक राष्ट्रीय समिति देते. त्या कायद्याचें एक कलम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडली, एवढ्याच कारणानें आश्रय मागण्याचा हक्क बुडत नाहीं. आणि जेथें जीवास वा स्वातंत्र्यास धोका आहे, त्या मुलखाच्या सीमेकडे अशा माणसास परत लोटतां येत नाहीं. २०१० च्या भूकंपानंतर हैतीचे लोक आले, त्यांतले पुष्कळ कुरितिबांत स्थायिक झाले. २०१८ पासून व्हेनेझुएलाच्या लोकांसाठीं उत्तरेच्या रोराइमा राज्यांत पाकाराइमा या सीमेवरच्या गांवीं सरकारनें स्वागताची व नोंदणीची मोठी व्यवस्था उभारली; तेथेंही कागद करून देणारे हात संघीय पोलिसांचेच.

तिसरी खिडकी शस्त्रांची. २००३ च्या कायद्याप्रमाणें बंदूक विकत घेऊं इच्छिणाराचें वय साधारणतः २५ च्या वर असावें, त्याच्या नांवावर गुन्हा नसावा, मन स्थिर असल्याचा आणि शस्त्र हाताळतां येत असल्याचा दाखला असावा, असे नियम आहेत. याच कायद्यानें दुसरेंही एक दार उघडलें. घरांत पडून असलेलें शस्त्र कोणी आपण होऊन आणून दिलें, तर तें बाळगल्याबद्दल त्यास शिक्षा नाहीं, उलट मोबदलाही मिळूं शकतो. शस्त्रांची विक्री अजीबातच बंद करावी काय, हा प्रश्न २३ ऑक्टोबर २००५ रोजीं लोकमतास टाकला असतां शेंकडा सुमारें ६४ मतें 'नको' अशीं पडलीं. पण नोंदणीचें व परवान्याचें बंधन कायम राहिलें. याखेरीज खासगी पहारेकरी पुरविणाऱ्या कंपन्यांवर देखरेख, पहारेकऱ्यांचीं ओळखपत्रें, मादक द्रव्यें बनविण्यास उपयोगी पडणाऱ्या रसायनांच्या खरेदी-विक्रीची नोंद आणि गुन्हा नसल्याचा दाखला, अशीं अनेक कामें याच कचेऱ्यांतून होतात.

हें सारें ऐकून कोणास वाटेल, कीं वा! पोलीस असावेत तर असे. पण याच खिडक्यांचा इतिहास एवढा सरळ नाहीं. १९६४ सालीं ब्राझीलमध्यें लष्करानें सत्ता घेतली, ती १९८५ पर्यंत सोडली नाहीं. त्या काळांत संघीय पोलिसांच्या दप्तरांत आणखी एक शाखा होती, ती म्हणजे सार्वजनिक करमणुकीच्या तपासणीची. नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीं, गाणें ध्वनिमुद्रित होण्यापूर्वीं, चित्रपट पडद्यावर झळकण्यापूर्वीं त्याची संहिता पोलिसांपुढें ठेवावी लागे. अधिकारी ओळी खोडीत, कधीं सबंध कृतीवरच बंदीचा शिक्का मारीत. ज्या खात्यानें प्रवासाच्या पुस्तिकेवर शिक्का मारावयाचा, त्याच खात्यानें कवीच्या ओळीवरही मारावयाचा, असा तो प्रकार होता. १९८८ च्या राज्यघटनेनें ही तपासणी समूळ बंद केली.

परदेशी माणसाच्या खिडकीचेंही तसेंच. लष्करी राजवटीनें १९८० सालीं केलेला कायदा परक्या माणसाकडे प्रथम राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या नजरेनें पाही, आणि त्याच्या ओळखपत्रावरही 'परदेशी' हाच शब्द असे. लोकशाही परत आली तरी तो कायदा पुढें तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. २४ मे २०१७ रोजीं नवा कायदा झाला, त्यानें त्या माणसास 'स्थलांतरित' म्हटलें, त्याचे हक्क कलमवार नमूद केले आणि ज्याची ऐपत नाहीं त्यास शुल्क माफ केलें. ओळखपत्रावरचा शब्दही बदलला. खिडकी मात्र तीच राहिली, आणि खिडकीमागचा गणवेशही तोच. म्हणून कित्येक जाणते लोक तेथें आजही विचारतात, कीं भ्यालेल्या माणसाची पहिली गांठ पोलिसाशींच कां पडावी? हें काम एखाद्या मुलकी खात्याकडे कां नसावें? हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नाहीं. ज्याचे कागद अपुरे आहेत, तो खिडकीकडे जातांना कोठडीकडेही एक नजर टाकतोच.

आणि कोठडी तेथें खरोखरच आहे. कुरितिबाच्या याच इमारतींत चौथ्या मजल्यावर सुमारें १५ चौरस मीटरच्या एका खोलींत ७ एप्रिल २०१८ पासून देशाचे माजी अध्यक्ष लुला दा सिल्वा यांना ठेवण्यांत आलें होतें. लांचलुचपतीच्या आरोपाखालीं त्यांना शिक्षा झाली होती. बाहेर रस्त्यावर त्यांच्या अनुयायांनीं तळ ठोकला, आणि रोज सकाळीं ते एका आवाजांत त्यांना सुप्रभात चिंतीत. वर कैदी, खालीं पारपत्राचे अर्जदार, दारावर पहारा आणि दाराबाहेर जमाव, असें दृश्य जगांत क्वचितच दिसलें असेल. पुढें कचेरीनेंच न्यायालयास विनंती केली, कीं या कैद्यामुळें आमच्या व आसपासच्या रहिवाशांच्या नित्यक्रमांत अडथळा येत आहे, तरी त्यांना अन्यत्र हलवावें. ७ ऑगस्ट २०१९ रोजीं खालच्या न्यायालयानें परवानगी दिली, आणि त्याच दिवशीं सर्वोच्च संघीय न्यायालयानें १० विरुद्ध १ मतांनीं ती रोखली. ८ नोव्हेंबर २०१९ रोजीं, ५८० दिवसांनंतर, ते त्या इमारतींतून बाहेर पडले. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या शिक्षा रद्द ठरविल्या. कुरितिबाच्या न्यायालयास तो अधिकारच नव्हता आणि शिक्षा देणारे न्यायाधीश निःपक्षपाती नव्हते, असा निर्णय दिला. १ जानेवारी २०२३ रोजीं तेच गृहस्थ पुन्हां अध्यक्ष झाले, आणि ज्या खात्याच्या कोठडींत ते होते, तें खातें त्यांच्याच सरकारच्या हाताखालीं आलें.

हा एकच प्रसंग असता, तर त्यास अपवाद म्हणतां आलें असतें. पण मार्च २०१९ मध्यें माजी अध्यक्ष मिशेल तेमेर यांना अटक झाली, तेव्हां त्यांना रिओच्या विभागीय कचेरींत ठेवलें होतें. चार दिवसांनीं न्यायालयाच्या हुकुमानें ते सुटले. आणि लुला यांचे कट्टर विरोधक, माजी अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना सत्ता उलथविण्याच्या प्रयत्नाबद्दल सर्वोच्च न्यायालयानें ११ सप्टेंबर २०२५ रोजीं दोषी ठरवून २७ वर्षें ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. २२ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्यांना अटक करून नेलें, तें ब्राझिलियाच्या विभागीय कचेरींत. उजवे, डावे आणि मधले, असे तीन माजी अध्यक्ष सात-आठ वर्षांच्या अवधींत तीन विभागीय कचेऱ्यांत बंदी होते. अशा कचेरीचा अधीक्षक कोण असावा, हा प्रश्न साध्या बदली-बढतीचा राहत नाहीं, हें उघड आहे.

२०२० सालीं तेंच प्रत्ययास आलें. त्या वर्षीं २४ एप्रिल रोजीं न्यायमंत्री सेर्जिओ मोरो यांनीं राजीनामा दिला. लुला यांना शिक्षा देणारे न्यायाधीश हेच. अध्यक्ष बोल्सोनारो यांना खात्याचा प्रमुख आणि रिओचा विभागीय अधीक्षक आपल्या मर्जींतला हवा आहे व खात्याच्या कामांत त्यांना हात घालावयाचा आहे, असा आरोप त्यांनीं केला. बोल्सोनारो यांनीं तो नाकारला. पुढें नव्या प्रमुखाची नेमणूक जाहीर झाली, तीही २९ एप्रिल रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं थांबविली. एका प्रांतिक पोलीस अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून देशाचें मंत्रिमंडळ हादरावें, यावरूनच त्या खुर्चीचें वजन समजून येईल.

आपल्याकडील व्यवस्था निराळी आहे, आणि ती शेजारीं ठेवली म्हणजे ही अधिक स्पष्ट दिसते. आपलें पारपत्र परराष्ट्र मंत्रालय देतें. पोलीस फक्त माणसाची व पत्त्याची खातरजमा करतात. केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकार १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमांतून येतात, आणि त्याच्या ६ व्या कलमान्वयें एखाद्या राज्यांत तपास करावयाचा तर त्या राज्याची संमति लागते. महाराष्ट्रानें आपली सर्वसाधारण संमति ऑक्टोबर २०२० मध्यें काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें पुन्हां दिली. ब्राझीलच्या संघीय पोलिसांस अशी कोणाची संमति मागावी लागत नाहीं; घटनेनेंच त्यांस सर्व राज्यांत उभें केलें आहे. आपण सत्ता विभागून तिला आळा घातला. त्यांनीं ती एका छपराखालीं आणली, आणि आळा घालण्याचें काम न्यायालयांवर सोंपविलें.

यांतली कोणती रीत चांगली, याचा निवाडा एका वाक्यांत करतां यावयाचा नाहीं. मात्र एवढें खास, कीं जेथें खिडकी आणि कोठडी एकाच इमारतींत आहेत, तेथें खिडकीची प्रतिष्ठा राखणें हें इतर कोठल्याही देशापेक्षां अधिक अगत्याचें ठरतें. आणि नेमकी तेथेंच कधीं कधीं हेळसांड होते. २७ जून २०१७ रोजीं पैसे संपले म्हणून पारपत्रें छापणें बंद पडलें. संसदेनें जादा रक्कम मंजूर केल्यावरच तें पुन्हां सुरू झालें. नोव्हेंबर २०२२ मध्यें पुन्हां तोच अनुभव आला. ज्यांनीं शुल्क भरलें होतें, त्यांचे अर्ज घेतले जात, पण पुस्तिका कधीं मिळेल हें सांगतां येत नसे. मोठ्या माणसांच्या अटकांच्या बातम्या जगभर छापून येतात. रांगेंत तिष्ठणाऱ्या माणसाची बातमी क्वचितच येते. तरीही पोलिसांच्या अंगची न्यायबुद्धि सामान्य माणूस कोठें पारखतो, तर त्या रांगेंतच. आपला नंबर डावलून कोणी वशिल्यानें पुढें जातो कीं नाहीं, अडाणी हैतियन मजुराला आणि सुखवस्तु व्यापाऱ्याला एकाच शब्दांत उत्तर मिळतें कीं नाहीं, एवढ्यावरून तो साऱ्या खात्याची परीक्षा करतो. उद्यां त्याच इमारतींत एखाद्या बलाढ्य पुढाऱ्यास आणलें, तर तें कायद्यानें आणलें कीं सूडानें, याविषयीं त्याचें मत पुष्कळ अंशीं याच परीक्षेवर ठरतें.

म्हणून संघीय पोलिसांची विभागीय कचेरी म्हणजे काय, असें कोणीं विचारलें, तर तिला केवळ तपासाचें ठाणें म्हणणें अपुरें होईल. दूरच्या राजधानींतील मध्यवर्ती सरकार नागरिकाला प्रत्यक्ष भेटतें, ती ही जागा आहे. त्या भेटींत सरकारच्या एका हातांत शिक्का असतो आणि दुसऱ्या हातांत बेडी असते. दोन्ही हात एकाच कायद्यानें हालतात, असा विश्वास ज्या देशांत लोकांस वाटतो, तेथें शहाण्यानें पोलीस कचेरीची पायरी चढण्यास हरकत नाहीं; आणि जेथें तो वाटत नाहीं, तेथें आपली जुनी म्हणच खरी मानावी लागते.